आइंडहोव्हनच्या ओल्या थंडीत सायकलसाठी हातमोजे कसे निवडावेत?

प्रश्न: मी मूळची नाशिकची. सप्टेंबरात नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आले. घरापासून वेल्डहोव्हनच्या ऑफिसपर्यंत साधारण साडेसात किलोमीटर रोज सायकलने जाते. नोव्हेंबर संपता संपता हात गारठायला लागले, म्हणून दुकानातले सगळ्यात जाड, स्कीइंगचे हातमोजे घेतले. तरी दहा-बारा मिनिटांत बोटं बधिर होतात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सगळ्यात आधी. ऑफिसला पोहोचेपर्यंत तळहात मात्र घामेजलेले असतात, आणि पावसात भिजलेले हातमोजे संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. याहून जाड घेऊ का? कोणत्या कंपनीचे?

उत्तर: याहून जाड अजिबात घेऊ नका. तुम्ही एका दमात तीन तक्रारी सांगितल्या आहेत: बधिर होणारी करंगळी, घामेजणारे तळवे आणि न वाळणारं अस्तर. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही जाडीमुळे वाढतात. सायकलचे हातमोजे घेताना आधी वारा अडतो का ते बघायचं, मग पाणी, मग बोटांना आत हलायला जागा आहे का, आणि जाडी सगळ्यात शेवटी. दुकानात मांडणी नेमकी उलटी असते, म्हणून बहुतेक जण फसतात.

हातमोजा ऊब तयार करत नाही. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. ते आहेत कोपराखाली, तिथून नुसत्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात. त्यामुळे बोटांना ऊब मिळते ती रक्तातून. अंगाला गारठा लागला की शरीर हृदय-फुप्फुसं सांभाळायला हातापायांच्या बोटांकडचा रक्तपुरवठा आवळतं. बोटांपर्यंत ऊबच पोहोचत नसेल तर कितीही जाड अस्तर राखणार काय? घरातून निघाल्यावरची पहिली दहा मिनिटं अशीच असतात. पुढे पायांची मेहनत सुरू झाली, अंग तापलं, की शरीर तीच रक्तवाट पुन्हा मोकळी करतं, कारण आता त्याला जास्तीची उष्णता बाहेर टाकायची असते. मग त्याच हातमोज्यात तळहात घामेजतात. म्हणजे साडेसात किलोमीटरच्या वाटेत तुमच्या हातांना दोन वेगवेगळे ऋतू भेटतात, आणि पहिल्या ऋतूसाठी घेतलेला जाड हातमोजा दुसऱ्यात त्रास देतो.

म्हणून पहिली दहा मिनिटं हातमोज्यावर सोडू नका. हातमोजे रात्री सायकलच्या पिशवीत किंवा थंड बेर्खिंगमध्ये, म्हणजे सायकली ठेवायच्या खोलीत, राहू देऊ नका. घरात ठेवा आणि दार उघडण्याआधी, हात गरम असताना घाला. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, सीट पुसायची ही कामं उघड्या हाताने केलीत की तिथेच अर्धी ऊब गेली. थंड लोखंडी साखळी हातातली ऊब फार झपाट्याने ओढून घेते. मनगट झाकलेलं हवं, तिथे धमन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. लोकरीचे मनगटपट्टे मिळतात, नाहीतर जुन्या पायमोज्याचा वरचा भाग कापून घालता येतो. गळ्याभोवती मफलर आणि छातीवर वारा अडवणारं काहीतरी असेल तर बोटांना जो फरक पडतो तो अस्तराचे दोन थर वाढवूनही पडत नाही.

आता वारा. २००१ पासून अमेरिका-कॅनडात विंडचिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे हवा किती जास्त थंड जाणवते त्याचं, जे सूत्र वापरतात ते उघड्या चेहऱ्याच्या कातडीसाठी आहे, पण अंदाजाला चालतं. हवेत ३ अंश तापमान आहे आणि तुम्ही ताशी १८ किलोमीटरने जाताय, तर वारा पडलेला असतानाही कातडीला उणे १ च्या आसपास वाटतं. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, आणि इथे तो असतोच, तर उणे ३. तुमची वाट होव्हनरिंगवरून जात असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल: २०१२ साली चौकाच्या वर टांगलेलं ते सायकलींचं वर्तुळ दिसायला सुंदर आहे, पण तिथे वाऱ्याला आडोसा काहीच नाही. खालच्या रस्त्यावर झाडा-घरांमागे वाचलेली बोटं तिथे गारठतात.

निफाडचा पाराही कधी कधी इथल्याइतकाच उतरतो. पण तिकडची थंडी कोरडी असते आणि दहा वाजता ऊन पाठीवर घेता येतं. इथे डिसेंबरच्या मध्यानंतर साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो, आणि दिवसभर पारा तिथल्या तिथे. नाशिकला स्कूटरवर पुरणारे विणलेले लोकरी हातमोजे इथे वाऱ्यापुढे टिकत नाहीत. लोकर अतिशय उत्तम, पण ती आतल्या थरात. बाहेरचा थर वारा अडवणारा हवा.

तो अडवतो की नाही हे लेबल न वाचताही कळतं. दुकानात हातमोजा हातात घाला, बोटांच्या पाठीमागच्या कापडावर तोंड टेकवा आणि जोरात फुंकर मारा. आत गरम हवा जाणवली तर तो कितीही जाड असला तरी परत ठेवा. विशेषतः बोटांच्या मधल्या पट्ट्या तपासा. बऱ्याच स्वस्त हातमोज्यांत पाठीला वारारोधक कापड असतं आणि बोटांच्या कडांना साधं ताणणारं जाळीदार कापड. हँडल धरल्यावर वारा नेमका त्या कडांनीच आत शिरतो.

ई-बाइक घ्यायचा विचार असेल तर एक इशारा. मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देते, म्हणजे वारा जास्त आणि मेहनत कमी. हाताला जास्त थंडी लागते आणि अंग उशिरा तापतं. ई-बाइकवाल्याला साध्या सायकलवाल्यापेक्षा एक पायरी उबदार हातमोजे लागतात, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण ब्राबांटच्या, म्हणजे आपल्या या प्रांताच्या, हिवाळ्यात खरा शत्रू बर्फ नसून ३-४ अंशांचा पाऊस आहे. मी इथे येण्याआधी उत्तर फिनलंडमधल्या ओउलूला राहत होतो. लोक भर हिवाळ्यात बर्फावरून सायकलने कामाला जातात म्हणून ते शहर ओळखलं जातं. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तिथेच भरली. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. तिथे जाड लोकरी मिटन, म्हणजे अंगठा सोडून चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे, आणि वरून एक पातळ कवच एवढ्यावर भागायचं. तोच संच इथे तीन अंशांच्या पावसात निरुपयोगी ठरतो, कारण अस्तर ऊब धरतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी आलं की ते हातातली ऊब कितीतरी पटीने वेगात बाहेर नेतं.

बाहेरचं पाणी दोन वाटांनी येतं. पहिली कापडातून. गोअर-टेक्स किंवा तत्सम, पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असलेले हातमोजे ही वाट बंद करतात, पण वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की पडदा शाबूत असूनही हात थंड पडतात आणि घाम बाहेर जायचा थांबतो. म्हणून पावसाचे थेंब कापडावरून मोत्यांसारखे घरंगळायला हवेत. ते जिरायला लागले की पाणी झटकणारा फवारा मारून घ्या. कपडे मऊ करणारं द्रव धुताना कधीही घालू नका, त्याने हा गुण जातो.

दुसरी वाट मनगटाची, आणि इथेच तुमचे स्कीइंगचे हातमोजे मार खातात. त्यांचा लांब घोळदार काठ जॅकेटच्या बाहीवरून चढवायचा असतो. सायकलवर हात कोपरापासून खाली उतरता असतो. पाऊस बाहीवरून ओघळत येतो आणि थेट त्या रुंद काठात जमा होतो. तुमचे हातमोजे न वाळण्याचं मोठं कारण बहुधा हेच आहे. सायकलसाठी काठ आखूड आणि मनगटाशी घट्ट बसणारा हवा, तो बाहीच्या आत जायला हवा आणि बाही त्यावरून वेल्क्रोने आवळता यायला हवी. जॅकेटची बाही तेवढी लांब नसेल, हात पुढे केल्यावर वर सरकत असेल, तर आधी जॅकेट बदला.

तिसरं पाणी तुमचं स्वतःचं. घामाने ओल्या हातावरून अस्तर ओढलं की ते उलटून बाहेर येतं आणि बोटांत पुन्हा नीट बसत नाही. ही कटकट ज्याने सोसली त्यालाच कळते. दुकानात बोटाच्या टोकाचं अस्तर आतून चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. टोकाला ते बाहेरच्या थराशी शिवलेलं असेल तर हलणार नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे सुटं पातळ अस्तर: मेरिनो लोकरीचे पातळ हातमोजे आत घालायचे आणि वर कवच. एक जोडी ऑफिसच्या बॅगेत कोरडी ठेवायची. परतताना कवच थोडं ओलसर असलं तरी आत कोरडी लोकर असली की प्रवास सुखाचा होतो.

आता तुमच्या करंगळीकडे येतो. प्रश्नातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नुसत्या थंडीने सहसा सगळ्या बोटांची टोकं हळूहळू बधिर होतात. करंगळी आणि अनामिकाच आधी जात असतील, तेही एकाच हाताच्या, तर मला थंडीपेक्षा दाबाचा संशय जास्त येतो. करंगळीच्या खाली तळव्याचा जो मांसल उंचवटा आहे तिथून अल्नर नावाची नस जाते आणि ती नेमकी या दोन बोटांना संवेदना देते. हँडलवर तिथे सतत भार पडला की मुंग्या येतात. जाड हातमोज्यात हँडलची मूठ फुगते, पकड सुटेल असं वाटून माणूस नकळत जास्त जोर लावतो, आणि तळव्याखालचं अस्तर चेपून एका जागी गाठ होते. म्हणजे ऊब वाढवायला घेतलेल्या वस्तूनेच नस दाबली जातेय.

खात्री सोपी आहे. एखाद्या कमी थंडीच्या दिवशी, दहा-बारा अंश असताना, पातळ हातमोज्यांनी तीच वाट करून बघा. तरीही करंगळी बधिर झाली तर दोष सायकलवरच्या बसण्यात आहे: सीट पुढे झुकलेली असेल, हँडल खाली किंवा लांब असेल, किंवा उजवं मनगट गिअर फिरवताना वाकत असेल. सीट सपाट करा, हँडल थोडं उंच घ्या, तळव्याला आधार देणारे रुंद ग्रिप बसवा. बदल केल्यावरही बधिरपणा सायकलवरून उतरून बराच वेळ राहत असेल किंवा पकडीतला जोर कमी वाटत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायचं काम आहे.

माप घेताना हात सपाट ठेवून आरशात बघायचं नाही. मूठ हँडल धरल्यासारखी वळवायची आणि दोन बोटं ब्रेक ओढल्यासारखी पुढे करायची. त्या अवस्थेत बोटाच्या टोकापुढे थोडी रिकामी जागा राहायला हवी. टोक टेकत असेल तर एक माप मोठं घ्या. घट्ट हातमोजा रक्त अडवतो आणि अस्तरातली हवा दाबून काढतो, दोन्हीकडून तोटा. इथल्या दुकानांतली बायकांची मापं अनेकदा लांब बोटांच्या हिशेबाने असतात. बोटं आखूड असतील तर टोकाला कापड लोंबतं आणि ब्रेकमध्ये अडकतं. तसं होत असेल तर मोठ्या मुलांच्या विभागात बघायला संकोच करू नका.

पाच बोटांचे की मिटन? हे तुमच्या ब्रेकवर ठरतं. पेडल उलटं दाबून थांबणारी साधी ओमाफीत्स, म्हणजे ताठ बसून चालवायची पारंपरिक डच सायकल, असेल तर खुशाल मिटन घाला. बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, आणि तेवढ्याच जाडीत मिटन पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा नक्कीच उबदार असतो. हाताने ओढायचे ब्रेक असतील तर मधला पर्याय खेकड्याच्या नांगीसारखा, दोन-दोन बोटं एकत्र असलेला. हायड्रॉलिक ब्रेकला एकच बोट पुरतं, त्यांना हे छान जमतात. रबरी किंवा केबलचे जुने ब्रेक पावसात जोरात दाबावे लागतात, तिथे पाच बोटंच बरी. हातमोजे घेताना स्वतःची सायकल दुकानाबाहेर उभी करून परवानगीने एकदा ब्रेक आणि घंटी दाबून बघितलीत तर नंतरचा पश्चात्ताप वाचेल.

आणि आता ज्याची मी सगळ्यात मनापासून शिफारस करतो ती वस्तू: हँडलवर कायम बसवायचे मफ. स्कूटरवाले वापरतात तशा त्या पिशव्या. ब्रेक, गिअर आणि मूठ सगळं आत जातं; वारा आणि पाऊस हातापर्यंत येतच नाही, आणि आत पातळ हातमोजा पुरतो, त्यामुळे बोटं मोकळी हलतात. ओउलूत फार कडक थंडी पडली की त्यांच्याशिवाय बाहेर पडायचं मनातही येत नसे. लोकांना दिसायला बेढब वाटतात म्हणून ते टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तुमच्या तिन्ही तक्रारी मिटवणारा हाच एक उपाय आहे. दोन गोष्टी बघून घ्या. तोंड उघडं राहील इतकं ताठ असावं, कारण वळताना हात बाहेर काढून इशारा द्यायचा आणि न बघता परत आत घालायचा आहे. आधी मोकळ्या रस्त्यावर याचा सराव करा. आणि सायकल बाहेर उभी करताना तोंड झाका, नाहीतर पाऊस आत साठतो. उंच, मागे वळलेल्या हँडलला सरळ हँडलसाठीचे मफ बसत नाहीत, तेव्हा आकार बघूनच घ्या.

कंपनीपेक्षा लेबलकडे बघा. कामगारांच्या हातमोज्यांवर हिमकणाचं चिन्ह आणि ईएन ५११ असं थंडीपासून संरक्षणाच्या युरोपीय मानकाचं नाव लिहिलेलं असतं, खाली तीन आकडे. पहिला हवेच्या थंडीचा, दुसरा थंड वस्तूला हात लावल्यावरचा, दोन्ही ० ते ४. तिसरा पाण्याचा, ० किंवा १. तिसरा आकडा १ हवाच. एक्स असेल तर ती चाचणी झालेलीच नाही. सायकलच्या दुकानातल्या महागड्या हातमोज्यांवर बऱ्याचदा हे आकडे नसतात, म्हणून मी लोकांना बांधकामाच्या सामानाच्या दुकानातही पाठवतो. जपानच्या शोवा कंपनीचे टेमरेस २८२ हे निळे, आतून अस्तर लावलेले कामाचे हातमोजे पावसात अनेक सायकलस्वार आवडीने वापरतात. नाजूक दिसत नाहीत, पण पाणी अडवतात. थिन्सुलेटचा, म्हणजे ऊब धरणाऱ्या कृत्रिम अस्तराचा, आकडा ग्रॅममध्ये दिलेला असतो. तुमच्या वाटेला ४० ते १०० च्या मधला पुरे. फोनच्या पडद्यावर चालणाऱ्या बोटांसाठी जास्तीचे पैसे घालू नका, १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणं इथे बेकायदा आहे. त्यापेक्षा हाताच्या पाठीवर चमकणारी पट्टी असू द्या. अंधारात डावीकडे वळताना मागच्याला दिसतो तो तुमचा हातच.

तुमच्या जागी मी असतो तर दोन जोड घेतले असते. एक पातळ, वारा अडवणारा, पाच अंशांच्या वरच्या कोरड्या दिवसांसाठी. ऑक्टोबर ते एप्रिल हाच सगळ्यात जास्त वापरात येतो. दुसरा पाणी अडवणारा, मध्यम अस्तराचा, एक माप मोठा, आत मेरिनोचं सुटं अस्तर मावेल असा. फेब्रुवारी २०२१ सारखी बर्फाची लाट आली तर दुसऱ्या जोडाबरोबर हँडलवरचे मफही वापरायचे. सध्याचे स्कीइंगचे हातमोजे विकू नका, तशा कोरड्या गोठलेल्या दिवसांत ते कामाला येतील. रसायनाच्या गरम पुड्या घ्यायच्या असतील तर त्यात लोखंडाची पूड असते आणि ती हवेतल्या ऑक्सिजननेच तापते हे ध्यानात ठेवा. हवाबंद हातमोज्यात त्या मलूल पडतात, मफमध्ये मात्र चांगल्या चालतात.

वाळवायचं तंत्र: ऑफिसला पोहोचल्यावर सुटं अस्तर आधी बाहेर काढा, कवचात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा आणि तासाभराने बदला. चामड्याचा भाग असेल तर रेडिएटरवर टाकू नका, तो कडक होऊन तडकतो.

बधिर झालेली बोटं गरम पाण्याच्या नळाखाली धरू नका. बधिर कातडीला पाणी किती तापलंय ते कळत नाही आणि भाजतं. काखेत धरा, किंवा कोमट पाणी वापरा. आणि एकदा बोटांचा रंग बघा: गारठ्यात एखादं बोट ठळक रेघ आखल्यासारखं पांढरंफटक पडत असेल, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असेल, तर तो रेनोचा त्रास असू शकतो. तो बायकांमध्ये जास्त आढळतो आणि त्यात रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. तसं दिसलं तर त्या क्षणी फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग परत आलेला असतो, आणि तो फोटो घेऊन हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्या. बॅटरीवर तापणारे हातमोजे मी एरवी साडेसात किलोमीटरला सुचवत नाही, पण रेनो निघाला तर त्यांच्यावर खर्च करायला मागेपुढे पाहू नका.